कुत्र्याचं नख उखडतं तेव्हा

बहुतेक घरांत ही गोष्ट आधी फरशीवर दिसते. कुत्रा एकदाच केकाटलेला असतो, कुणाचं फारसं लक्ष गेलेलं नसतं, आणि थोड्या वेळाने गॅलरीपासून दिवाणापर्यंत टाइल्सवर लाल ठसे उमटलेले दिसतात. दिवाणाखाली कुत्रा पुढचा पंजा भराभरा चाटत बसलेला. हात लावायला गेलं की पंजा मागे ओढतो, जास्त जवळ गेलं की गुरगुरतो. मग कुणी हळदीचा डबा आणायला धावतं, कुणी डेटॉलची बाटली शोधतं, कुणी डॉक्टरांना फोन लावत बसतं.

रक्त पाहून घाबरायला होतं, हे साहजिक आहे. पण कुत्र्याच्या अंगात दर किलोमागे साधारण 80 ते 90 मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे 20 किलोच्या कुत्र्यात पावणेदोन लिटरच्या आसपास. नखातून दोन-चार चमचे रक्त गेलं तर फरशी भयंकर दिसते, कारण कुत्रा त्याच पायाने घरभर फिरतो. निरोगी कुत्र्याच्या जिवाला मात्र त्याने धोका होत नाही. खरी काळजी पुढे घ्यायची असते: अर्धवट लटकत राहिलेल्या नखाची, आणि रक्त थांबल्यानंतरच्या चार-पाच दिवसांची. रक्त थांबलं की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि विसरून जातात. म्हणून पंजा सुजून, पू धरून कुत्रा दवाखान्यात येतो तो आठवड्याने.

आधी नखाची रचना समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. आपलं नख बोटाच्या फक्त वरच्या बाजूला असतं. कुत्र्याचं नख बोटाच्या शेवटच्या हाडाला वेढून असतं. सगळ्यात आत त्या हाडाचं निमुळतं टोक, त्याभोवती रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेली जिव्हाळी, आणि बाहेरून केराटिनचं टणक कवच. शिसपेन्सिलीत शिसं असावं तशी ही जिव्हाळी नखात असते; फक्त ती टोकापर्यंत पोचत नाही. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसतच नाही. म्हणून नखाचं नुसतं टोक तुटलं तर कुत्र्याला पत्ताही लागत नाही. पण चीर जिव्हाळीपर्यंत गेली की रक्त येतं, आणि वेदना इतकी होते की एरवी कशालाच न बधणारा कुत्राही तीन पायांवर येतो. जिव्हाळीला लागून हाड असल्यामुळे तिथला संसर्ग हाडात उतरू शकतो, हेही याच रचनेमुळे.

साधारण कुत्र्याला अठरा नखं असतात: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, जरा वर, जमिनीला न टेकणारं जे नख दिसतं तो कुत्र्याचा अंगठा. डॉक्टर त्याला ड्यू क्लॉ म्हणतात. उखडलेलं नख पाहायला घेतलं तर बऱ्याचदा हेच निघतं. बाकीची नखं चालताना रस्त्यावर घासून झिजतात, हे झिजत नाही. वाढत वाढत ते गोल वळतं. लक्षच दिलं नाही तर टोक परत कातडीत रुततं. विणलेल्या सोफा कव्हरात, गॅलरीच्या जाळीत, चटईच्या सुतात, गाडीतल्या पट्ट्यात ते अडकतं. मांजर नखं आत ओढून घेतं, कुत्र्याला ती सोय नाही. तो घाबरून पायाला हिसका देतो, पाय सुटतो आणि नख मागे राहतं. काही कुत्र्यांना मागच्या पायांनाही असा अंगठा असतो. तो अनेकदा हाडाला जोडलेलाच नसतो, नुसता कातडीवर लोंबतो, म्हणून आणखी सहज अडकतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आधी घरातला गोंगाट थांबवा आणि मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. एकाने कुत्र्याला धरायचं, दुसऱ्याने पंजा पाहायचा. एकट्याने दोन्ही करायला जाऊ नये. लहान कुत्रा मांडीवर, मोठा जमिनीवर कुशीवर झोपवलेला. धरणाऱ्याने एक हात मानेखालून घेऊन डोकं आपल्या छातीशी ठेवायचं आणि नेहमीच्या आवाजात बोलत राहायचं.

तुमच्या मांडीवर झोपणारा, तुमच्या हातून जेवणारा कुत्राही दुखऱ्या पंजाला हात लागल्यावर चावू शकतो. तो त्याचा स्वभाव नव्हे, ती वेदना आहे. म्हणून तोंड बांधायला लाजू नका. रुंद गॉज बँडेज किंवा जुनी सुती ओढणी घ्या. मधोमध सैल फास करून तो नाकाच्या हाडावरून जबड्याभोवती घाला, टोकं जबड्याखाली एकमेकांवरून ओलांडून कानांमागे न्या आणि तिथे सुरगाठ मारा, म्हणजे ओढली की सुटेल. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचं तोंड असं बांधू नये. ओकाऱ्या होत असतील किंवा श्वासाला त्रास असेल तर कुठल्याच कुत्र्याचं बांधू नये. आणि काम झालं की लगेच सोडा. कुत्रा तोंड उघडून धापा टाकत अंग गार ठेवतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बांधलेलं तोंड तसंच ठेवलं तर नखाहून मोठं संकट ओढवेल. इतकं करूनही दात लागलाच, तर कुत्रा घरचा असो वा लस दिलेला, आपली जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची.

आता रक्त. स्वच्छ गॉज किंवा धुतलेला सुती रुमाल घडी करून नखाच्या टोकावर ठेवा आणि बोटांनी दाबून धरा. घड्याळ पाहून पाच मिनिटं. या पाच मिनिटांत एकदाही उचलून पाहायचं नाही. दर अर्ध्या मिनिटाला डोकावलं की नुकतीच धरू लागलेली गुठळी कापडाबरोबर निघून येते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पाच मिनिटांनी रक्त झिरपत असेल तर त्याच कापडावर दुसरी घडी ठेवून आणखी पाच-दहा मिनिटं. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

नखं कापताना टोक जरा जास्त कापलं गेलं, किंवा नुसतं टोक तुटून जिव्हाळीचा शेंडा उघडा पडला, तर रक्त थांबवणारी पूड कामाची. पाळीव प्राण्यांच्या दुकानात ती मिळते. तिच्यात बहुधा फेरिक सबसल्फेट असतं आणि ते रक्तवाहिन्यांची तोंडं बंद करतं. चिमूटभर पूड ओल्या कापसावर घेऊन नखाच्या टोकावर दाबून धरायची. जरा झोंबते. ती नसेल तर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा. त्यात औषध काही नाही, फक्त रक्त धरून राहायला आधार मिळतो. तुरटीही चालते, तिचा स्तंभक गुण दाढी करणाऱ्यांना माहीतच आहे. पण नख मुळातून उखडून लांबवर जिव्हाळी उघडी पडली असेल, कातडी फाटली असेल, तर तिथे यातलं काहीही भरू नका. तिथे फक्त कापड आणि दाब.

हळदीबद्दल मला स्पष्ट सांगायचं आहे, कारण आपल्याकडे तो पहिला उपाय असतो आणि प्रेमानेच केला जातो. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. ती रक्तात कालवून जखमेवर थर करते. खाली किती फाटलंय, कातडीचा रंग काय आहे, काही दिसत नाही. मग दवाखान्यात ती धुऊन काढावी लागते आणि त्या धुण्याची वेदना कुत्र्याने दुसऱ्यांदा सोसायची. फिनेल, डेटॉल, स्पिरिट जखमेची आग करतात आणि कुत्रा ते चाटून पोटात घेतो. तंबाखू आणि कॉफीची पूड तर नकोच. निकोटीन आणि कॅफिन दोन्ही कुत्र्याला विषारी. चुना कातडी भाजतो.

रक्त थांबलं की पंजा उजेडात पाहा, मोबाइलच्या टॉर्चखाली पाहिला तर उत्तम. केस बाजूला करून प्रत्येक बोट पाहायचं; चाटल्यामुळे रक्त सगळीकडे पसरलेलं असतं आणि भलतंच नख दुखावल्याचं वाटतं. कवचाचं फक्त टोक तुटलंय आणि आत गुलाबी काही नाही, असं असेल तर खडबडीत कड कानशीने गुळगुळीत करून सोडून द्या. कवच संपूर्ण निघून गेलं असेल तर तिथे ओलसर, लालभडक, टोकदार जिव्हाळी उभी दिसते. पाहायला हे सगळ्यात वाईट, पण बरं व्हायला एका अर्थी हेच सोपं. ती दोन-चार दिवसांत सुकते, काळपट आणि कडक होते, आणि मुळापासून नवं नख येऊ लागतं. पूर्ण वाढायला काही महिने जातात. कधी ते जरा वाकडं किंवा जाड येतं, त्याने बिघडत नाही.

अवघड असतं ते अर्धवट उखडलेलं नख. कवच मुळाशी तुटलेलं, पण एका बाजूने जिव्हाळीला किंवा कातडीला धरून राहिलेलं. कुत्रा पाऊल टाकतो तेव्हा तो तुकडा हलतो आणि प्रत्येक हलण्याबरोबर उघड्या मज्जातंतूंवर ओढ बसते. म्हणून रक्त थांबूनही कुत्रा लंगडतो, रात्रभर कण्हतो, सारखा पंजा चाटतो. हा तुकडा आपोआप चिकटत नाही. तो काढावाच लागतो. मात्र घरी पक्कड घेऊन उपटू नका, कितीही सैल दिसला तरी. डॉक्टर गुंगीचं किंवा जागेपुरतं बधिर करणारं इंजेक्शन देऊन तो मुळाशी कापतात. दोन मिनिटांचं काम, पण बधिर न करता केलं तर कुत्रा ती वेदना विसरत नाही, आणि पुढे आयुष्यभर कुणाला पंजाला हात लावू देत नाही. नख उभं चिरलं असेल तरी दवाखानाच. रात्र असेल, दवाखाना बंद असेल, तर सैल पट्टी बांधून सकाळपर्यंत थांबता येतं. जिल्ह्या-तालुक्याच्या गावी, जिथे पाळीव प्राण्यांचे खास दवाखाने नाहीत, तिथे सरकारी गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टरही हे काम करतात. कुत्रा म्हणून तिथे न्यायला संकोचू नये.

त्या रात्री कुत्रा कण्हत असतो तेव्हा घरातल्या औषधांच्या डब्याकडे हात जातो. तिथेच थांबा. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कॉम्बिफ्लाममध्ये तेच आहे. डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल यांतलं काहीही स्वतःच्या मनाने द्यायचं नाही. ‘अर्धीच गोळी दिली’ हे वाक्य फार महागात पडतं, कारण माणसाची अर्धी गोळी दहा किलोच्या कुत्र्याला कित्येक पटींनी जास्त असते. डॉक्टर कुत्र्यासाठीचं वेदनाशामक वजनावर मोजून देतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल बरेच जण विचारतात. कुत्र्यांना धनुर्वात क्वचितच होतो, म्हणून माणसासारखं दर जखमेला ते इंजेक्शन देण्याची पद्धत नाही.

जखम धुवायची तर उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात सपाट चहाचा चमचाभर मीठ, किंवा पाणी फिकट तपकिरी दिसेल इतपतच पोव्हिडोन आयोडीन. धुताना चोळायचं नाही, नुसतं ओतायचं. खपली धरली असेल तर ती तशीच राहू द्यायची. मग कोरड्या गॉजने टिपून पट्टी.

पट्टी बांधणं सोपं दिसतं आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं. आधी बोटांच्या मध्ये कापसाचे पातळ तुकडे ठेवा. कुत्र्याला तळव्यातून घाम येतो आणि बोटाला बोट घासून कातडी ओली होते. अंगठ्याचं नख असेल तर त्याच्या आणि पायाच्या मध्येही एक तुकडा. जखमेवर न चिकटणारा गॉज, त्यावर कापसाचा एक थर, त्यावर गॉज बँडेज. सुरुवात बोटांकडून, चढत जायचं वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा. मधल्या दोन बोटांची टोकं बाहेर दिसतील अशी ठेवा, कारण पट्टी घट्ट झाली का ते तिथेच कळतं: ती दोन बोटं फाकलेली, सुजलेली किंवा गार वाटली की लगेच सोडायची. पट्टीखाली आपलं एक बोट सरकलं पाहिजे. शेवटचं टोक चिकटपट्टीने. रबरबँड कधीही नाही. केसांत तो दिसेनासा होतो, कातडीत रुततो आणि पंजाचा रक्तपुरवठा तोडतो.

पट्टी रोज बदलायची आणि ओली झाली की लगेच, रात्रीचे अकरा वाजले असले तरी. बाहेर नेताना वरून प्लास्टिकची पिशवी, घरात आल्यावर ती काढायची. पिशवी तशीच राहिली तर आत घाम साचतो. कुत्रा पट्टी सोडून चाटू लागला तर गळ्यात कोन घालावाच लागतो. ‘चाटल्याने जखम बरी होते’ ही समजूत कुत्र्याच्या जिभेवरचे जंतू पाहिले तर टिकत नाही, शिवाय खरखरीत जीभ नवी कातडी सोलून काढते. कोन घातलेला कुत्रा दोन दिवस रुसतो. रुसू द्या.

पावसाळ्यात ही सगळी काळजी दुप्पट. आपल्याकडच्या ओल्या हवेत उघड्या जखमेवर निळसर-हिरव्या माश्या बसतात, अंडी घालतात, आणि एका दिवसात त्यांतून अळ्या बाहेर पडतात. बोटांच्या बेचक्यात, केसांखाली त्या दिसतही नाहीत. आधी येतो तो वास: गोडसर, कुजका. तसा वास आला, जखमेत काही वळवळताना दिसलं, किंवा लहानसं गोल भोक दिसलं तर तडक दवाखाना. घरी टर्पेंटाइन ओतण्याची पद्धत अजून आहे. त्याने कातडी भाजते आणि आत शिरलेल्या अळ्या राहतातच.

रस्त्यावरच्या, सोसायटीतल्या कुत्र्याच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. जो रोज हाताशी येईल याची खात्री नाही, त्याला पट्टी बांधू नये. दोन दिवसांनी ती चिखलात भिजते, आवळते, आणि सोडायला तो सापडत नाही. पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात माश्या न बसू देणारा जखमेचा फवारा मिळतो. बिस्किटं देत, जरा अंतरावरून, दिवसातून दोनदा तो मारता आला तरी पुष्कळ. नख लटकत असेल तर प्राणिमित्र संस्थेला कळवून पकडून नेणं योग्य. अनोळखी दुखावलेल्या कुत्र्याचा पंजा स्वतः हातात घेऊ नये.

एका गोष्टीकडे मात्र सहज दुर्लक्ष होतं. पंधरा-वीस मिनिटं नीट दाबूनही रक्त थांबत नसेल, तर दोष नखाचा नाही, रक्ताचा असू शकतो. आपल्या भागात गोचिडाचा ताप भरपूर आहे. तपकिरी गोचिडातून एर्लिकिया नावाचे जंतू रक्तात शिरतात आणि प्लेटलेट्स घटतात. कुत्रा वरून फक्त जरा मरगळलेला दिसतो आणि एखादं नख तुटल्यावर लक्षात येतं की रक्त गोठतच नाही. उंदीर मारायला ठेवतात त्या ब्रोमाडिओलोनच्या वड्या खाल्ल्या असतील तरी तसंच. ते विष जीवनसत्त्व ‘के’चं काम अडवतं आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो. डॉबरमनमध्ये रक्त न गोठण्याचा एक आनुवंशिक आजारही आढळतो. अशा वेळी ओठ उचलून हिरड्या पाहा, पोटावरचे केस बाजूला करून कातडी पाहा. हिरड्या पांढुरक्या, कातडीखाली बारीक लाल-जांभळे ठिपके, नाकातून रक्त, यांतलं काहीही दिसलं तर पंजा दाबून धरतच दवाखाना गाठायचा आणि रक्ततपासणी करायला सांगायचं. तसंच, काही अडकलं नसताना एकामागून एक नखं निघू लागली, किंवा म्हाताऱ्या कुत्र्याचं एकच बोट महिनाभर सुजून राहिलं, तर तो अपघात नाही. प्रतिकारशक्तीचा बिघाड, बुरशी, क्वचित नखाच्या मुळाशी गाठ, असं काही असतं आणि ते तपासूनच कळतं.

पट्टी सुटल्यावर उरलेली सतरा नखंही पाहून घ्या. फ्लॅटमधला कुत्रा टाइल्सवर चालतो, त्याची नखं झिजत नाहीत. तो चालताना टकटक आवाज येत असेल तर नखं वाढली आहेत. तीन-चार आठवड्यांनी कापणं बरं, आणि सुरुवात दर वेळी अंगठ्यापासून. काळं नख असेल तर एकदम तुकडा न पाडता पातळ पातळ चकत्या काढायच्या. कापलेल्या भागाच्या मधोमध वेगळ्या रंगाचा बारीक ठिपका दिसू लागला की जिव्हाळी जवळ आली, तिथे थांबायचं. फार वाढलेल्या नखात जिव्हाळीही लांब आलेली असते. ती एका बैठकीत मागे जात नाही. दर आठवड्याला अगदी थोडं कापत राहिलं की ती हळूहळू मागे सरकते. कात्री चांगली धारदार हवी, बोथट कात्री नख कापण्याऐवजी चिरडते आणि त्यालाच उभी चीर जाते.